आठवा चौकोन

पेठ फाट्यावर एसटी आम्हाला सहाला सोडायची.
हातात डबा, डब्यात नागलीची भाकर, खुरसणीची चटणी.
मैदानापर्यंत चालत,
सुकदेव थविल माझ्या एक पाऊल पुढे.
कायम एकच पाऊल. मी मोजलेलं आहे.

वाघचौरे सर झारीने माती भिजवत असायचे.
म्हणायचे, आधी बसायला शिका.
पळते काय, कोंबडीपण पळते.

म्हणून बसायला शिकलो.
टाच उचललेली, बोटं मातीत रोवलेली,
माझं तोंड गंगापूर रोडकडे,
शेजारच्याचं बरोबर उलटं,
आणि खेळ सगळा पाठीमागे चाललेला.

आता लीग आहे. मॅट आहे, दिवे आहेत,
पाठीवर आकडा, आकड्याखाली सिमेंटची जाहिरात.
लोक विचारतात, एवढ्या चपळाईनं उठता कसे?
उठणं सोपं आहे हो.
हात पडायच्या आधी न उठणं, ते बघा जमतंय का.

हात आणि शब्द एकदमच लागले पाहिजेत.
नुसता हात, फाऊल.
नुसता शब्द, तोही फाऊल.
घरीसुद्धा मी हे सांगत बसतो,
बायको म्हणते, मग आता उठा, खो.

सुकदेवचा खो वेगळा होता.
ढकलायचा नाही.
ताप बघायला ठेवावा तसा हात ठेवायचा,
आणि मी निघालेला असायचो.

पण खांबाजवळची जागा एक, आणि ती दोघांना हवी.
त्याचा घोटा मुरगळला तेव्हा
मिसळवाल्याकडून बर्फ मीच पळत आणला,
गुडघ्यावर त्याचा पाय घेऊन बसलो,
आणि बसल्याबसल्या डोक्यात
रविवारच्या यादीत माझं नाव लिहून टाकलं.
बर्फ खरा होता.
यादीही खरी होती.

बोलीत तो दुसऱ्या संघात गेला,
माझ्याहून जास्त पैशाला.
फोन केला, अभिनंदन म्हणालो.
फोन ठेवून साठ जोर मारले.

मग तो सामना.
शेवटचं मिनिट, त्यांचा तो एकटा उरलेला,
मी आठव्या चौकोनात, खांबाच्या अलीकडे.
पाऊल कोणाचं, श्वास कोणाचा, मला कानाने कळतं.
तो येतोय. डावी हूल देणार.
मला ठाऊक आहे, हे त्यालाही ठाऊक.
पाठीवर हात पडला, शब्द पडला,
तरी एक क्षण मी बसून राहिलो.
मग सूर.
दोन बोटं त्याच्या टाचेला.

मॅटवर धूळ नसते,
तरी उठून त्याने ढोपरं झटकली.
म्हणाला, उशिरा उठलास रे. तिथंच फसलो.

गुण माझ्या नावावर लागला.
ज्याने खो दिला, तो हात लांबवून स्वतःच झेपावू शकला असता.
नाही झेपावला.
त्याच्यासाठी फळ्यावर रकानाच नाही.

हंगाम संपला की आम्ही दोघं जुन्या मैदानावर जातो.
परवा मुली सातच होत्या,
आठवी आईबरोबर द्राक्षाच्या काढणीला.
म्हणून मी बसलो तिच्या चौकोनात.
गुडघे वाजले. मुली हसल्या.
सुकदेव पळत होता, चाळिशीकडे झुकलेला,
पोट थोडं पुढे, पाय अजून तेच.

रंजना भोये, वय नऊ,
धापा टाकत माझ्यामागे आली,
पाठीवर हात ठेवला, आणि लाजली.
शब्द फुटेना.

मी हललो नाही.
खांबाला टेकून सुकदेव ओरडला, ऊठ की!
म्हटलं, आलेला नाही अजून.

तोही थांबला मग.
सगळेच थांबले.
तो छोटा, मातीने खरखरीत हात
माझ्या पाठीवर तसाच, गरम,
आणि मी टाच उचलून बसलेलो.